शिडी धरणारीचं काम

साधं पातेलं घ्यायचं झालं तरी आपण चार दुकानं फिरतो. बुडाला टिचकी मारून पाहतो, वजन करून घेतो, झाकण नीट बसतं की नाही ते तपासतो. कुकरची रिंग, मिक्सरची भांडी, गॅसची नळी यांची तर आपल्याला इतकी माहिती असते, की दुकानदारानं तोंड उघडायच्या आत आपणच त्याला दोन प्रश्न विचारून मोकळ्या होतो. मग घरातली शिडीच तेवढी वेगळी का? ती किती वजन पेलते, तिचे रबरी बूट झिजलेत का, पायऱ्या डुगडुगतात का, यातलं आपल्याला काहीच ठाऊक नसतं. शिडी म्हणजे पुरुषांचं खातं, असं आपण धरूनच चालतो.

पण मैत्रिणींनो, जरा आठवून पाहा. घटस्थापनेच्या आधी माळ्यावरची भांडी कोण काढतं? दिवाळी आली की जळमटं कोण झाडतं, पंख्याची पाती कोण पुसतं? आपणच. आणि यजमानांना, रंगाऱ्याला नाही तर प्लंबरला वर चढायचं असलं की, "अगं, जरा शिडी धर गं!" ही हाक कुणाला येते? तीही आपल्यालाच. म्हणजे एक तर चढणारी आपण, नाही तर धरणारी आपण. तेव्हा शिडीची ओळख करून घेतलेली बरी, नाही का?

आमच्या शेजारच्या वहिनींची गोष्ट सांगते. पावसाळा तोंडावर आला होता. छज्जावर साठलेला पालापाचोळा काढायला त्यांचे यजमान ॲल्युमिनियमच्या शिडीवर चढले. वहिनींनी खाली दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली होती. अंगणात गुळगुळीत फरशी, तीही नुकतीच धुतलेली. शिडीचे पाय भिंतीपासून चांगले लांब ठेवलेले, का तर "म्हणजे चढायला सोपं जातं." ते वर पोचले आणि शिडीचे पाय मागे सरकले. टाचेचं हाड मोडलं, कित्येक महिने घरात बसावं लागलं. आता ते हिंडते-फिरते झाले आहेत. वहिनी मात्र अजून म्हणतात, "मी धरली होती हो! माझ्याच हातून सुटली."

मला हे ऐकवत नाही. कारण शिडी त्यांच्या हातून सुटलेलीच नव्हती. वर ऐंशी किलोचा माणूस, शिडी नको तितकी कललेली आणि खाली ओली फरशी. एखाद्या पैलवानानं धरली असती, तरी ती सरकलीच असती. धरणारीच्या मनगटात कितीही जोर असला तरी चुकीची लावलेली शिडी त्या जोरावर थांबत नाही. धरणारीचं खरं काम माणूस चढल्यावर नव्हे, तर तो चढायच्या आधी असतं. ते काम काय, तेच आज पाहू या.

आधी गरज ओळखा

प्रत्येक घराला मोठी शिडी लागतेच असं नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर छत साधारण साडेनऊ-दहा फुटांवर असतं. माळा, पंखा, ट्यूबलाइट यांच्यासाठी चार-पाच पायऱ्यांची घडीची शिडी पुरते. तिला वरच्या बाजूला हाताला धरायला दांडा आणि उभं राहायला रुंद पायरी असेल तर उत्तम. स्टुलावर पाट आणि पाटावर डबा असले मनोरे रचायचे कायमचे बंद करा. घडीची शिडी नेहमी पूर्ण उघडून, मधला अडकवा बसवूनच वापरायची. मिटलेली तशीच भिंतीला टेकवून चढायचं नाही. मधे धरायला दांडा नसेल, तर सगळ्यात वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही.

घर बंगलीवजा असेल, गच्चीला जिना नसेल, टाकी पत्र्यावर असेल किंवा छज्जा नि पन्हळ साफ करावी लागत असेल, तर मात्र सरकती शिडी लागते. एकावर एक बसणारे दोन भाग, दोर ओढला की वरचा भाग सरकत वर जातो आणि आकड्यांनी अडकतो, ती ही शिडी. मिटवली की निम्म्या लांबीची होते, त्यामुळे बोळात किंवा जिन्याखाली मावते. वर्षातून दोन-तीनदाच लागत असेल तर चार घरांत मिळून एक घ्यायलाही हरकत नाही.

दुकानात काय पाहाल?

बांबूची शिडी स्वस्त आणि हलकी, पण पावसात दोर कुजतात नि बांबूला किड लागते. पायरीखाली पिवळसर भुकटी पडलेली दिसली की ती शिडी मोडीत काढा. लाकडी शिडी मजबूत, पण जड. तिला ऑइलपेंट कधी फासू नका. रंगाखाली चिरा झाकल्या जातात आणि पायरी मोडेपर्यंत कुणाला कळत नाही. तेल नाही तर पारदर्शक व्हार्निश लावावं. लोखंडी शिडी टिकाऊ, पण एकट्या बाईला उचलत नाही. ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, गंजही चढत नाही. म्हणून घरासाठी हीच जास्त खपते. फक्त तिच्यातून वीज वाहते, हे विसरायचं नाही. त्याबद्दल पुढं सांगतेच. फायबरग्लासच्या दांड्यांची शिडी विजेच्या कामाला चांगली, पण किंमतही चढी आणि वजनही जास्त.

दुकानात शिडी उभी करून पाहा. चारही बाजूंनी हात फिरवा. दांडा वाकलेला, पिळलेला नको. पायऱ्या हातानं फिरवून पाहा, एकही हलता कामा नये. पायरीवर खाचा हव्यात, म्हणजे पाय घसरत नाही. खाली रबरी बूट जाड आणि पक्के बसवलेले हवेत. ते नंतर सुटे मिळतात का, हेही विचारून घ्या, कारण पहिल्यांदा झिजतात ते तेच. सरकत्या शिडीचे दोन्ही आकडे दोन-तीनदा लावून-काढून पाहा. "खट्" असा आवाज दोन्ही बाजूंनी आला पाहिजे.

शिडीवर किती भार चालतो याची पट्टी चिकटवलेली असते. युरोपातल्या ई.एन. 131 या मानकाप्रमाणे केलेली शिडी 150 किलो भारासाठी असते. हा आकडा नुसत्या माणसाच्या वजनाचा नव्हे. माणूस, त्याच्या हातातलं सामान, सगळं मिळून. पंधरा लिटरची पाण्यानं भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो, हा हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको. पट्टीच नसेल, तर ती शिडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

आणि हो, शिडी दुकानात स्वतः उचलून पाहा. जी आपल्याला उचलत नाही ती आपण नीट लावूही शकत नाही.

मापाचा हिशेब

फसगत होते ती इथं. दुकानदार म्हणतो, "बाई, सोळा फुटी घ्या, भरपूर होईल." सोळा फुटी म्हणजे आठ-आठ फुटांचे दोन भाग. पण वापरताना ते दोन भाग एकमेकांवर निदान तीन फूट चढलेले असावेच लागतात, नाही तर मधे शिडी वाकते. म्हणजे हाती किती राहिली? तेराच फूट.

आता गरज किती ते काढू. समजा गच्चीची कड जमिनीपासून बारा फुटांवर आहे. शिडीचा नियम सोपा आहे: चार फूट उंचीला एक फूट अंतर. बारा फूट उंचीला पाय भिंतीपासून तीन फूट. असं लावलं की गच्चीच्या कडेपर्यंतच साधारण साडेबारा फूट शिडी खर्ची पडते. शिवाय गच्चीवर उतरायचं असेल तर कडेच्या वर निदान तीन फूट शिडी यायला हवी, म्हणजे पाऊल टाकताना हाताला धरायला काही राहतं. एकूण झाली साडेपंधरा. तेव्हा सोळा फुटीची तेरा फूट काही उपयोगाची नाही. दहा-दहाचे दोन भाग घ्यावेत. वीसातून तीन गेले, सतरा उरले. सोन्याच्या दुकानात घट किती धरली ते आपण विचारतो ना, तसंच इथंही विचारावं.

"चाराला एक" या नियमाबद्दल थोडं अधिक. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. पायथागोरसच्या सिद्धान्ताच्या उदाहरणांत भिंतीला टेकलेली शिडी हमखास येते. शिडी तेरा फूट, पाय भिंतीपासून पाच फूट, तर टोक किती उंचीवर? बारा फुटांवर. गणित बरोबर! पण अशा शिडीवर कुणी चढू नये. बारा फुटांना पाय तीन फुटांवर हवेत, पाच फुटांवर ठेवले की ते घसरू पाहतात. तीन-चार-पाचच्या उदाहरणातली शिडी तर त्याहूनही धोक्याची. उलट पाय भिंतीच्या फार जवळ आले, तर माणूस शिडीसकट मागं कलंडतो. मुलींना मी हे उदाहरण घालते तेव्हा उत्तर काढून झाल्यावर विचारते, "यावर तुम्ही चढाल का गं?" पुढच्या वेळी त्या आपण होऊन सांगतात, "बाई, शिडी फार कललीय!"

टेप हाताशी नसला तरी चालेल. शिडीच्या पायांना आपल्या पायांची बोटं लावून ताठ उभं राहावं आणि हात खांद्याच्या रेषेत समोर सरळ करावेत. तळवे पायरीवर अलगद टेकले की कल बरोबर. पुढं वाकावं लागलं तर शिडी जास्त कललेली आहे, कोपर दुमडावं लागलं तर फार उभी. ही खूण धरणारीनं पाठच करून ठेवावी.

उभी कशी करायची?

शिडी मिटलेलीच न्यावी, आडवी धरून. खालचे पाय भिंतीच्या बुडाशी टेकवून दुसऱ्या टोकाकडून एक-एक पायरी धरत पुढं चालत यावं, म्हणजे ती उभी राहते. मग पाय मागं ओढून कल साधावा. त्यानंतर दोर ओढून वरचा भाग हवा तितका चढवावा, दोन्ही आकडे अडकलेत याची खात्री करावी आणि उरलेला दोर पायरीला बांधून टाकावा. लांबी वाढली की कल पुन्हा तपासावा. वर माणूस असताना शिडी लांब-आखूड करायची नाही. हे काम दोघांचं आहे, एकटीनं अंगावर घेऊ नये.

खालची जागा कोरडी, सपाट आणि कडक हवी. एका पायाखाली वीट, पाट किंवा वह्यांचा गठ्ठा घालून उंची साधू नका. मातीच्या अंगणात पाय रुततात, तिथं एक रुंद सपाट फळी आडवी घालावी. फरशीवर गोणपाट घालायची पद्धत अनेक घरांत दिसते. ती सोडून द्यावी, कारण शिडी गोणपाटासकट सरकते. फरशी आधी पुसून कोरडी करा आणि शिडीच्या बुटांचीही धूळ झटका.

वरचं टोक काचेच्या तावदानाला, प्लॅस्टिकच्या पाइपाला किंवा पत्र्याच्या पन्हळीला टेकवू नये. पक्क्या भिंतीलाच टेकवावं. काम जरा वेळचं असेल तर शिडी बांधून घ्यावी. वर खांब किंवा मजबूत कठडा असेल तर तिथं, नाही तर खालचे दांडे खिडकीच्या पक्क्या गजांना. बांधलेली शिडी धरलेल्या शिडीपेक्षा केव्हाही बरी. शिडी दरवाजासमोर असेल तर दाराला आतून कडी घाला. मुलं धावत बाहेर येतात, त्यांना काय ठाऊक!

चढताना

तोंड नेहमी शिडीकडे, चढताना आणि उतरतानाही. दोन पाय आणि एक हात, नाही तर दोन हात आणि एक पाय, असे तीन टेकू सतत शिडीला हवेत. अर्थात हातात बादली घेऊन हे जमणार नाही. बादली वर गेल्यावर दोरीनं ओढून घ्यावी, हत्यारं कमरेच्या पिशवीत ठेवावीत. सरकत्या शिडीच्या सगळ्यात वरच्या तीन पायऱ्यांवर उभं राहू नये.

बाजूला हात लांबवायचा मोह फार वाईट. "एवढंच एक जळमट राहिलंय" म्हणत माणूस वाकतो आणि शिडी कलंडते. आपलं पोट दोन उभ्या दांड्यांच्या मधेच राहिलं पाहिजे. हात पुरत नसेल तर खाली उतरावं आणि शिडी सरकवावी. कंटाळा आला तरी!

आपण स्वतः चढणार असू तर साडी नीट खोचून घ्यावी, निऱ्या पायात येऊ देऊ नयेत. त्याहून सलवार-कमीज बरी, पण ओढणी बाजूला ठेवून. रबरी सपाता काढून ठेवाव्या, पाठीमागं पट्टा असलेली घट्ट चप्पल किंवा बूट घालावेत. उपवासाच्या दिवशी, रात्रीची झोप झाली नसेल तर, चक्कर येत असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर शिडीला हात लावू नये. साफसफाई नवरात्राच्या आधी आटपायची घाई आपल्याला असते. माळा चार दिवस धुळीत राहिला तर देवी काही रागावत नाही.

विजेशी गाठ

पंखा पुसताना किंवा दिवा बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच बंद करावा. घराबाहेर तर आधी मान वर करून पाहावं. गल्लीतून तारा गेलेल्या असतात. बोलता बोलता उभी धरलेली शिडी तारेला लागते आणि क्षणात अनर्थ होतो. ॲल्युमिनियम आणि लोखंड यांतून वीज वाहतेच, पण पावसात भिजलेल्या बांबूतून आणि लाकडातूनही ती वाहू शकते. शिडी कुठल्याही बाजूला पडली तरी तारेला लागणार नाही, उलट मधे दहा फूट तरी मोकळे राहतील, एवढी जागा हवी. तेवढी नसेल तर तिथं शिडी उभी करू नये. आधी महावितरणला कळवावं. विजेच्या तक्रारीसाठी 1912 हा क्रमांक आहे.

शिडी तारेला चिकटलीच, तर त्या माणसाला किंवा शिडीला हात लावायला धावू नका. जीव तुटतो, पण धरायला गेलेलीही सापडते. दूर राहून आधी वीजपुरवठा बंद करायला लावा.

आता धरणारीबद्दल

चढण्याआधी धरणारीनं एवढे सहा प्रश्न विचारावेत:

1. खालची जागा कोरडी आणि कडक आहे का?
2. कल "चाराला एक" आहे का? (हात पुढं करून पाहावं.)
3. दोन्ही आकडे अडकलेत का?
4. टोक कशाला टेकलंय? बांधता येईल का?
5. वर, बाजूला तारा आहेत का?
6. चढणाऱ्याच्या पायात काय आहे आणि त्याची तब्येत ठीक आहे का?

एकाचंही उत्तर पटलं नाही तर, "थांबा, आधी हे नीट करू," असं स्वच्छ सांगावं. यजमान चिडतील, "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणतील. म्हणू देत! गॅसचा वास आला की आपण कुणाची परवानगी न विचारता रेग्युलेटर बंद करतो ना? तसंच हे.

माणूस चढला की शिडीच्या बाहेरच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभं राहावं. एक पाय खालच्या पायरीवर दाबून ठेवावा, दोन्ही हातांनी दोन दांडे धरावेत. वर हत्याराचं काम चाललं असेल तर डोक्यावर काही पडणार नाही हे पाहावं, आणि शिडी बांधलेली असली तर सरळ बाजूलाच व्हावं. मोबाइल घरात ठेवावा. कुकरची शिट्टी झाली, दारात भाजीवाला आला, तरी वरचा माणूस उतरल्याशिवाय जागा सोडू नये.

आणखी एक गोष्ट. घरात पुरुष नसले की आपण कामवाल्या बाईंना म्हणतो, "तेवढं वरचं काढून द्या हो." नाही तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडचा पोरगा पन्नास रुपयांत चढवतो. त्यांना नाही म्हणता येत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. जिथं आपण आपल्या मुलाला चढू देणार नाही, तिथं दुसऱ्याच्या मुलाला चढवू नये. आणि कुणीही चढलं, तरी हे सहा प्रश्न तसेच विचारावेत.

इतकं करूनही कुणी पडलंच, तर हात धरून लगेच उठवू नका, पाणी पाजायची घाई करू नका. मानेला, पाठीला मार असेल तर हलवण्यानं तो वाढतो. तसंच निजू द्या आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. "काही नाही, मुका मार आहे" म्हणून घरगुती लेप लावत बसू नका.

काम झालं की शिडी पुसून, भिंतीला दोन-तीन आकडे ठोकून त्यांवर आडवी टांगावी, उन्हापावसापासून लांब. साखळीकुलूपही घालावं. चोराला आयती शिडी द्यायची नाही आणि मुलांना खेळायलाही नाही. वर्षातून एकदा, पापड-कुरडयांच्या सुमाराला, बूट, आकडे आणि दोर तपासून घ्यावेत. बूट झिजले असतील तर पावसाळ्याआधीच बदलावेत.